बाजारभाव म्हणे

"बघा, बाजारभावच हा आहे," म्हणत घरमालक काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर आमच्याच भागातल्या भाड्याच्या फ्लॅटच्या जाहिराती. मग हळूच, "आपल्याला काय, दरवर्षी १० टक्के भाडेवाढ."

माणूस चांगला आहे. नळ गळतोय म्हटलं की त्याच दिवशी प्लंबर पाठवतात. म्हणून वाद घातला नाही.

पण त्या जाहिराती डोक्यातून जाईनात. त्यात असतात फक्त रिकामी घरं आणि मालकाने मागितलेले आकडे. घासाघीस होऊन ठरलेलं भाडं तिथे दिसत नाही. वर्षानुवर्षं राहणारे, कमी भाडं देणारे शेजारी तर नाहीतच. ते पाहून काका आकडा ठरवणार, काकांचा ऐकून समोरच्या बिल्डिंगवाले. झाला बाजारभाव!

आणि १० टक्के दरवर्षी म्हणजे ७ वर्षांत भाडं जवळपास दुप्पट. ५ टक्के धरले तर त्यालाच १४ वर्षं लागतात. (हे गणित काकांना पाठवायचं धाडस अजून झालेलं नाही.) शहरात परवडेना म्हणून उपनगरात आलेल्यांनी पुढे सरकायचं तरी कुठे? लोकलचा पास आणि दोन तास त्यात धरलेच नाहीत.

तुमच्याकडे वाढ किती टक्के? आणि कशावरून ठरली?