पासवर्ड बरोबर होता

चुकीचा पासवर्ड टाकला तर उबुंटू लिनक्सचं मशीन निदान 'चुकला' असं सांगतं. बरोबर टाकला तर पडदा काळा, माउसचा बाण क्षणभर लुकलुकतो आणि परत तीच लॉगिनची खिडकी. एक शब्द नाही. कालपासून तेवढंच टोचतंय.

आधी स्वतःवरच संशय. कॅप्स लॉक बघितलं, कीबोर्ड मराठीवर तर नाही ना बघितलं, एकेक अक्षर मोजून टाकलं. सरांचा फोन दोनदा, "झालं का नाही?" कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलवर, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर गेलो, तिथं तोच पासवर्ड पहिल्याच झटक्यात चालला. तरी पटेना. सुडो, म्हणजे रूट या मुख्य खात्याचे हक्क देणारी कमांड, लावून पासवर्डच बदलून टाकला. काय कामाचं? काही नाही.

मग ऑथ लॉग उघडला, लॉगिनच्या नोंदी तिथं असतात. सेशन उघडलं, त्याच सेकंदाला बंद. म्हणजे पॅमनं, पासवर्ड तपासणाऱ्या भागानं, ओळखलं होतं. आत घेतलं आणि उंबऱ्यावरूनच परत पाठवलं! नकार दिला असता तर एवढं लागलं नसतं बहुतेक.

डिस्क भरली तरी असंच होतं, म्हणून मोकळी जागा दाखवणारं डीएफ -एच. ११ जीबी मोकळी. टेम्प फोल्डरचे हक्क १७७७, म्हणजे सगळ्यांना लिहिता येतं, तेही ठीक. मग होममध्ये, म्हणजे माझ्या फोल्डरमध्ये, फायलींची यादी काढणारं एलएस -एलए मारलं आणि दिसलं: डॉट एक्सऑथॉरिटी, हक्क ६००, म्हणजे फक्त मालकाला, आणि मालक रूट. पडद्यावर खिडकी काढायची परवानगी देणारी कुकी याच फाइलीत असते. घर माझं, किल्ली माझ्या घरात, सातबारा दुसऱ्याच्या नावावर. लाइटडीएमला, म्हणजे लॉगिनची खिडकी दाखवणाऱ्या प्रोग्रामला, माझ्या नावानं तिच्यात लिहिता येईना, म्हणून सेशन उभं राहायच्या आधीच बसायचं.

लॅबच्या दोन पोरांवर मनातल्या मनात आळ घेऊन झाला होता. हिस्ट्रीत बघितलं तर शनिवारी लाइट गेल्यावर डेस्कटॉप हातानं सुरू करायला 'सुडो स्टार्टएक्स' मारणारा मीच. उबुंटूच्या १८.०४ आवृत्तीत सुडो केलं तरी होम आपलंच राहतं, त्यामुळं रूटनं माझ्याच घरात फाइल लिहिली. १९.१० पासून ते बदललं. आपलं मशीन अजून १८.०४ वर, नवीन टाकायचं कधीचं... असो.

सीएच-ओन करून फाइल परत माझ्या नावावर घेतली. मालक न बदलता नुसतं फाइलीचं नाव बदलून ती बाजूला ठेवली असती तरी चाललं असतं. फाइल रूटची असली तरी फोल्डर आपला असतो आणि पुढच्या लॉगिनला नवी फाइल तयार होते. आयसीईऑथॉरिटी ही तसलीच दुसरी फाइलसुद्धा रूटची झालेली, तीही घेतली.

डेस्कटॉप आला आणि लगेच कीरिंगनं, साठवलेल्या पासवर्डांच्या पेटीनं, पासवर्ड मागितला. जुना. सुडोनं बदलला की कीरिंगला त्याचा पत्ताच लागत नाही, ते जुन्याच कुलपात राहतं. ज्याच्यावर दिवसभर अविश्वास दाखवला तोच टाकला. ताईच्या गाडीचा नंबर.

सरांनी विचारलं, "काय झालतं?" म्हटलं, लाइट गेलती.