नवा कॅमेरा घेण्याआधी मी जुने फोटो उघडून बसलो

माझ्या जुन्या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्याचं शटर मधूनमधून अडकायला लागलं, फोटोच्या खालच्या बाजूला काळा पट्टा यायचा, आणि रिपेअरचा खर्च जवळपास तशाच सेकंडहँड बॉडीएवढा (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याएवढा) निघत होता, म्हणून मग नवीन घ्यायचं ठरलं. त्या कॅमेऱ्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. एंट्री लेव्हलचं शटर साधारण १ लाख क्लिक धरून बनवलेलं असतं आणि माझं त्याच्या बरंच पुढे गेलेलं, भरपूर साथ दिली त्याने.

आता नवीन कॅमेरा म्हटलं की लोक डायरेक्ट रिव्ह्यू बघायला बसतात, हा घेऊ का तो घेऊ. मी ठरवलं की आधी आपलेच फोटो बघायचे. आणि हे मी आता प्रत्येकाला सांगतो, अगदी आग्रहाने सांगतो, कारण यातून जे कळलं ते कुठल्याच रिव्ह्यूमधून कळलं नसतं. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो काढताना काय सेटिंग होतं ते सगळं लिहिलेलं असतं, फोकल लेंग्थ (लेन्स लांबचं किती जवळ आणते), ॲपर्चर (लेन्स किती उघडली), शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहिलं), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील), एक्झिफ म्हणतात त्याला. लाइटरूम वापरत असाल तर लायब्ररीत मेटाडेटा फिल्टर लावून बघता येतं, फुकटात हवं असेल तर डिजीकॅम आहे, एक्झिफटूल आहे. फक्त एक करा, सगळे फोटो मोजू नका, जे तुम्हाला मनापासून आवडलेत, ज्यांना स्टार दिलेत किंवा कुणाला प्रिंट करून दिलेत तेवढेच घ्या, आणि दुसरा गठ्ठा करा तो हुकलेल्या फोटोंचा, म्हणजे क्षण मस्त होता पण फोटो हलला किंवा दाणेदार आला असे.

मी काढतो ते मुख्यतः माणसांचे फोटो. घरातले, संध्याकाळच्या उजेडातले, मित्रांच्या नाटकांच्या तालमी आणि प्रयोग, आणि भाचा इनडोअर बॅडमिंटन खेळतो त्याचे. कधीतरी पहाटे पक्षी. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवल्यावर चित्र एकदम स्पष्ट झालं. हुकलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त फोटो किट लेन्सच्या (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) ५५ एमएम टोकाला, एफ/५.६ वर (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी), आयएसओ ३२०० किंवा ६४०० आणि शटर स्पीड १/६० च्या आसपास. म्हणजे लेन्स तिच्या परीने पूर्ण उघडलेली, आयएसओ ताणलेला, आणि तरी शटर स्लो. मेगापिक्सेल कमी पडले म्हणून वाया गेलेला फोटो शोधला, एकही सापडला नाही.

मग मी थोडं गणित केलं. एफ नंबरचा वर्ग करायचा आणि भागायचं, बस. एफ/५.६ च्या ऐवजी एफ/१.८ वापरलं तर जवळजवळ १० पट उजेड आत येतो. म्हणजे त्याच आयएसओला १/६० च्या जागी १/५०० आरामात मिळतो, आणि बॅडमिंटन खेळणारा माणूस गोठवायला निदान तेवढा तरी लागतोच. आता सेन्सरचं, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपच्या आकाराचं बघा. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६ (कॅननचा थोडा लहान), क्षेत्रफळात फरक २.४ पटीच्या आत. म्हणजे उजेडासाठी फुल फ्रेम बॉडी घेतली आणि त्यावर एफ/५.६ वाली लेन्स लावली तर मला साधारण सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) फायदा, आणि एपीएस-सीच ठेवून एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स घेतली तर तीन स्टॉपपेक्षा जास्त, तेही बऱ्याच कमी पैशात. फुल फ्रेम वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, ज्याला दोन्ही परवडतं आणि वजन चालतं त्याने जरूर घ्यावा. पण पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर आधी लेन्स, हे माझं ठाम मत झालंय.

इथे अजून एक गोष्ट, स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय. जाहिरातीत ५ स्टॉप, ७ स्टॉप असं लिहिलेलं असतं आणि ते तुमच्या हाताच्या थरथरीपुरतं खरंही असतं. पण समोरचा माणूस हलतोय त्याला ते काहीही करू शकत नाही. सूर्यास्ताचा रस्ता, मंद उजेडातली इमारत, यासाठी छान. मुलं, खेळ, नाच यासाठी फक्त शटर स्पीड.

मेगापिक्सेलबद्दल थोडक्यात. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४०००, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २० बाय १३ इंचाची प्रिंट निघते. ए४ ला ९ सुद्धा लागत नाहीत. २४ वरून ४५ वर गेलं तर दुप्पट वाटतं, पण लांबी-रुंदीत फरक पडतो तो ३७ टक्क्यांचा. पक्ष्यांचे फोटो काढून खूप क्रॉप करणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे, मला नाही.

एफ/१.८ चं ठरलं तसा पुढचा प्रश्न आपोआप आला. ५० एमएम एफ/१.८ ने एपीएस-सी वर दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला तर शार्प येणारी खोली जेमतेम १० सेंटिमीटर असते. डोळा सोडून कानावर फोकस गेला तर फोटो गेला. डीएसएलआरमध्ये आरशातून बघताना फोकस मोजणारा भाग सेन्सरपासून वेगळा, खाली बसवलेला असतो, दोन्ही अंतरं तंतोतंत जुळली नाहीत तर फोकस थोडा पुढे किंवा मागे पडतो आणि लेन्सप्रमाणे ते ॲडजस्ट करत बसावं लागतं. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, फोकस सेन्सरवरच मोजतात त्यामुळे ती भानगडच नाही, वर डोळा ओळखून पकडणारा ऑटोफोकस. माझ्यासाठी मिररलेस घेण्याचं खरं कारण हे होतं, नवीन आहे म्हणून नाही.

आता माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायची जागा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवायलाच हवा, कारण बॉडी चार-सहा वर्षांनी बदलते, लेन्स राहतात. निकॉनचा एफ माउंट १९५९ सालचा, कॅननचा ईएफ १९८७ चा, इतकी वर्षं लोकांनी त्यावर लेन्स गोळा केल्या. २०१८ मध्ये दोघांनी मिररलेससाठी नवे माउंट आणले, झेड आणि आरएफ. सोनीचा ई माउंट २०१० पासून आहे. जुनी लेन्स नव्या बॉडीवर ॲडॅप्टरने बसते त्याचं कारण साधं आहे, आरसा गेल्यामुळे माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर कमी झालं, निकॉन एफला ते ४६.५ मिलिमीटर होतं आणि झेडला १६, कॅनन ईएफला ४४ आणि आरएफला २०, मधल्या जागेत ॲडॅप्टर मावतो. पण बसते म्हणजे सगळं चालतं असं नाही. कॅननच्या ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, बॉडीतल्या स्क्रूवर फोकस फिरतो, त्या निकॉनच्याच एफटीझेड ॲडॅप्टरवर मॅन्युअल फोकस होऊन बसतात. तेव्हा तुमच्याकडच्या प्रत्येक लेन्सचं पूर्ण नाव लिहून काढा आणि एकेक तपासा. नाव म्हणजे नुसतं ७०-३०० नाही, पुढची-मागची सगळी अक्षरं. माझी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) ऑटोफोकससकट चालणार होती, त्यामुळे पक्ष्यांसाठी वेगळा खर्च करायची गरज उरली नाही, आणि ब्रँडचा निर्णयही तिथेच झाला.

आणि बॉडी बघायच्या आधी त्या माउंटला तुम्हाला हवी ती लेन्स आहे का, तुमच्या बजेटमध्ये आहे का ते बघा. काही माउंटना स्वस्त आणि छान प्राइम भरपूर आहेत, काहींना बॉडी आकर्षक पण एपीएस-सी साठी लेन्स मोजक्याच.

दोन कॅमेरे शॉर्टलिस्टवर राहिले तेव्हा मी दोन्ही आलटूनपालटून भाड्याने घेतले. शक्य असेल तर हे कराच, नाहीतर कुणा मित्राचा मागा. कागदावर दोन्ही सारखे होते. एकाची ग्रिप इतकी लहान की करंगळी खाली लोंबकळत राहायची, टेलिफोटो लावून अर्धा तास धरल्यावर मनगट दुखायला लागलं. मी चष्मा लावतो, तर एकाच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) मला चारही कोपरे एका वेळी दिसतच नव्हते. व्ह्यूफाइंडरचा आकडाही नीट समजून घ्या, २३.६ लाख डॉट म्हणजे तेवढे पिक्सेल नाहीत, लाल-हिरवा-निळा धरून तिनाने भागायचं, १०२४ बाय ७६८ एवढंच ते. मला तेवढं पुरलं, पण आपल्या डोळ्याने बघून ठरवलेलं बरं.

भाड्याचा कॅमेरा घेऊन मी मुद्दाम बॅडमिंटन हॉलमध्ये गेलो आणि तालमीलाही गेलो, कारण माझे फोटो हुकतात तेच तिथे. तालमीला सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरायचं मनात होतं. तर एलईडी लाइटखाली फोटोत आडवे पट्टे यायला लागले. सेन्सर एकेक ओळ वाचत जातो आणि तेवढ्यात लाइट लुकलुकत असतो, म्हणून होतं ते, रॅकेटही त्यामुळेच वाकडी दिसते. मेकॅनिकल शटरला पट्टे बरेच कमी झाले. दुसऱ्या कॅमेऱ्याचं मेकॅनिकल शटर खूप हळू आवाजाचं निघालं, नाटकाच्या हॉलमध्ये चालेल असं, आणि माझं मत तिकडे झुकलं. स्पेसिफिकेशनच्या कुठल्या रकान्यात सापडणार होतं हे!

बॅटरीचं पण सांगतो. आरशातून बघायला वीज लागत नाही, मिररलेसचा स्क्रीन मात्र सतत चालू, त्यामुळे डीएसएलआरला एका चार्जमध्ये ९००-१००० फोटो निघत असतील तिथे मिररलेसचे सीपा रेटिंग (ठरावीक चाचणीतला फोटोंचा आकडा) बऱ्याचदा ३००-४०० च्या घरात असते. प्रत्यक्षात भराभर काढले तर त्यापेक्षा जास्त निघतात, पण दुसरी बॅटरी बजेटमध्ये धराच. तसंच कार्ड, व्ही३० लिहिलेलं असेल तर सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची खात्री, साध्या ४के व्हिडिओला बहुतेक वेळा पुरतं. आणि सॉफ्टवेअर! तुमचं लाइटरूम किंवा जे काही आहे ते जुनं व्हर्जन असेल तर नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल (सेन्सरवरची मूळ, प्रक्रिया न केलेली) उघडणार नाही. ॲडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, आधी त्यातून काढून मग उघडता येते. पैसे देण्याआधी सपोर्टेड लिस्ट बघून घेतली मी.

शेवटी एक पिढी मागची, सेकंडहँड एपीएस-सी बॉडी घेतली आणि वाचलेल्या पैशात नवी एफ/१.८ प्राइम. सेकंडहँड घेताना शटर काउंट विचारला, लेन्स एफ/१६ ला आउट ऑफ फोकस ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघितले, सगळी बटणं, दोन्ही डायल, हॉटशू (फ्लॅश बसवायची खाच), कार्डचा स्लॉट, चार्जिंगचं पोर्ट एकेक करून चालवून बघितलं. सोबत लेन्स मिळत असेल तर मोबाइलचा टॉर्च मागून आत मारून बघा, बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते आणि ती दिसली तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

नव्या प्राइमचीही परत करायची मुदत होती तोवर मी टेस्ट केली. विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर ट्रायपॉडवर लावून एफ/१.८ पासून एफ/८ पर्यंत फोटो काढले आणि चारही कोपरे शंभर टक्के झूम करून बघितले. एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा खूप मऊ असेल तर आतली काच सरकलेली असू शकते, तशी लेन्स बदलून मागायची. माझी चारही कोपऱ्यांत सारखी होती, मग पावती आणि सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवला आणि रविवारी भाच्याच्या मॅचला घेऊन गेलो, आयएसओ ३२००, १/५००.