"अर्जदार वंशावळीत आढळून येत नाही"

तलाठ्याच्या अहवालातली ही ओळ मी तिला वाचून दाखवली, तेव्हा पोलीस भरतीचा अर्ज भरायला चार दिवस उरले होते. ती हसली. म्हणाली, "मॅडम, बरोबरच लिहिलंय की."

तहसीलच्या आवारातल्या सेतूत मी चौदा वर्षं ऑपरेटर आहे. तिची फाईल दीड महिन्यापूर्वी माझ्याकडे आली होती. इतकी नेटकी फाईल इथं वकीलसुद्धा आणत नाहीत. जुन्या नावाचा शाळेचा दाखला, नाव बदलल्याचं राजपत्र, 2019 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेलं ट्रान्सजेंडर ओळखपत्र, नव्या नावाचं आधार. आधारवर पत्त्याच्या आधी 'द्वारा' म्हणून गुरूचं नाव. हवा होता तो अनुसूचित जातीचा दाखला.

पहिल्या दिवशी ती बायकांच्या रांगेत उभी होती. पुढच्या दोघी मागं सरकल्या आणि ती आपोआप पुढं आली. शेजारच्या टेबलावरचा आमचा पोरगा पुटपुटला, "पैसे मागायला आलीय." त्याला नंतर झापलं. पण खरं सांगायचं तर तो बोलायच्या आधी माझाही हात पर्सकडं गेला होता.

जातीच्या दाखल्याचं बाहेरच्यांना वाटतं तसं नसतं. तुमची जात तुम्ही सांगून चालत नाही, मेलेल्यांनी सांगावी लागते. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक 10 ऑगस्ट 1950, त्याआधीचा पुरावा पाहिजे. म्हणजे आजोबा नाहीतर पणजोबा. मग त्यांच्यापासून अर्जदारापर्यंत कडीला कडी जोडत यायचं, आणि ती कडी बापाकडूनच. लग्न झालेली बाई आली तरी नवऱ्याचे कागद चालत नाहीत. माहेरचं नाव, बापाचा दाखला, वर लग्नाचा पुरावा किंवा राजपत्र. अशा बायका मी रोज हाताळते. म्हणून तिची फाईल पाहून मी घाबरले नाही. नाव बदललेली बाई, एवढंच. प्रकार ओळखीचा होता.

आजोबाची नोंद मी स्वतः शोधली. अभिलेख कक्षात गावाचं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींची जुनी वही, बाहेर काढून 1938 सालाचं पान लावलं. मोडीत पणजोबाचं नाव, जात महार, मुलगा झाल्याची नोंद. कागद बोट लावला की तुटतो, शाई फिकी, आणि लिहिणारा कोतवाल घाईतला. ऑफिसात मोडी वाचता येणारी मी एकटीच. 2023 साली कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाली तेव्हा आम्हाला एकदम भाव आला होता, आता पुन्हा कोण विचारतंय!

आजोबाची कडी बसली. वडिलांचा शाळेचा उतारा मुख्याध्यापकांनी कुरकुरत दिला. अडलं ते तलाठ्याच्या गृहचौकशीत. भाऊसाहेब घरी गेले, बापानं सांगितलं, "मला एकच पोरगा होता, तो गेला." भाऊसाहेबांनी तसंच टाकलं आणि प्रांत ऑफिसातून फाईल त्रुटीत परत आली.

त्या दिवशी तिच्याबरोबर गुरू होती, साठीची, अंगठ्यांनी बोटं भरलेली. "कशाला जात पायजे हिला?" ती मला म्हणाली. "आमच्यात जात नसते." पोरगी शांतपणे म्हणाली, "मग बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत का ठेवायला लावला, आई?" गुरू काही बोलली नाही. फोटो देव्हाऱ्याच्या शेजारी नको, एवढंच म्हणणं होतं म्हणे. फी मात्र गुरूनंच भरली होती, ओळखपत्रासाठी जिल्ह्याला घेऊन जाणारीही तीच. हे दोन्ही खरं आहे आणि मला अजून जुळवता येत नाही.

तिनं मोबाइलवर मला ग्रेस बानूंचा फोटो दाखवला, तमिळनाडूतल्या दलित ट्रान्स कार्यकर्त्या. "त्या मागतात ते समांतर आरक्षण." हा शब्द मला कळतो. महाराष्ट्रात महिलांचं 30 टक्के तसंच आहे, प्रत्येक प्रवर्गाच्या आतून. कर्नाटकानं 2021 मध्ये ट्रान्सजेंडरांना 1 टक्का तसाच दिला. आपल्याकडं तो नाही. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खडसावल्यावर भरतीच्या अर्जात तृतीयपंथी पर्याय आला, जागा आल्या नाहीत. मग जातीचा दाखला हीच तिची एक फट. तिच्यासोबत येणारी समाजकार्याची विद्यार्थिनी याला ट्रान्सफेमिनिझम, इंटरसेक्शनॅलिटी असं काही म्हणायची. शब्द चांगले असतील. माझ्या टेबलावर फाईल पडून होती.

मी विचारलं, "बापाच्या रक्तातलं दुसरं कोणी? ज्याच्याकडं दाखला आहे?"

दुपारी आत्या आली. अंगणवाडी सेविका, गणवेशातच, मधल्या सुट्टीत एसटी पकडून. तिचा दाखला माहेरच्या नावाचा, भरतीच्या वेळी काढलेला. शपथपत्र लिहायला घेतलं म्हणून मी तलाठ्यानं जोडलेली वंशावळ समोर ठेवली. पणजोबा, आजोबा, बाप, काका. आत्यानं चष्मा लावून खालून वर बोट फिरवलं.

"यात मी पण न्हाई की ओ."

नव्हतीच. पुरुषांच्या रेघा ओढल्या होत्या, पोरी वगळल्या होत्या. अशा शेकडो वंशावळी मी टाईप केल्यात. वारसाचं काम असलं की मुली आठवतात, सह्यांपुरत्या. चौदा वर्षांत मला हे खुपलं नव्हतं. माझी स्वतःची वंशावळ मी भावाच्या कामासाठी टाईप केली होती, त्यातही मी नाही.

नवी वंशावळ काढली. आजोबाखाली तीन रेघा, बापाखाली तिची. नव्या नावानं, पुढं 'पूर्वीचे नाव'. आत्यानं सही केली, तारीख घातली, म्हणाली, "भाऊ वरडंल. वरडू दे."

इथपर्यंतचं सांगायला मला बरं वाटतं. पुढचं नाही.

दाखल्याच्या नमुन्यात श्री, श्रीमती, कुमारी असतं. तिनं कुमारी सांगितलं, मी कुमारी भरलं. दुसऱ्या दिवशी अव्वल कारकुनाचा फोन: शाळेच्या दाखल्यावर मुलगा, ओळखपत्रावर ट्रान्सजेंडर, अर्जात कुमारी, पुन्हा त्रुटी टाकू का? टाकली असती तर मुदत गेली असती. मी तिला म्हणाले, "आत्ता श्री राहू दे. दुरुस्ती नंतर करू."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमच्या कागदांवर किती नावं आहेत, ताई?"

तीन आहेत. माहेरचं, सासरचं, आणि घटस्फोटानंतर पुन्हा माहेरचं. बदलताना प्रत्येक वेळी मी टेबलावर भांडले होते. आणि तिला मात्र नमतं घ्यायला सांगत होते.

"करा श्री," ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी दाखला निघाला. आत्याला वाचता यावा म्हणून तिनं तो उलटा धरला, पहिल्या शब्दावर अंगठा ठेवून.

दुरुस्तीचा अर्ज मी त्याच संध्याकाळी भरला, फी माझ्या खिशातून. रोज सकाळी खिडकी उघडायच्या आधी त्याची स्थिती बघते. आजही 'प्रलंबित' आहे.