गांजाच्या फॉर्मवर सही

गांजाच्या फॉर्मवर मी सहसा सही का करत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्याला आलो की नातेवाईक विचारतात, "तिकडे डॉक्टर गांजा लिहून देतात म्हणे?" इथे कॅनडात, ओंटारियोत पेशंट विचारतात, "मग तुम्हीच का देत नाही?" दोघांनाही आजवर मी घाईघाईत काहीतरी सांगून वाटेला लावलंय.

मुळात ते प्रिस्क्रिप्शन नसतंच. गोळीचे मिलिग्रॅम ठरलेले असतात, तिला औषध म्हणून मंजुरीचा नंबर असतो. गांजाच्या फुलाला तो नंबर नाही. फॉर्मवर मी एवढंच लिहायचं: रोज किती ग्रॅम, किती दिवस (जास्तीत जास्त एक वर्ष). पुढे परवाना असलेला विक्रेता माल घरी पाठवतो. पेशंट ओढणार की तेल घेणार, त्यात गुंगी आणणारा टीएचसी किती असणार, यातलं काही माझ्या हातात नाही. सही मात्र माझी.

आणि फायदा? २०१८ साली आम्हा फॅमिली डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यामागचा हिशोब असा: जुनाट दुखणं असलेल्या साधारण अकरा जणांना द्यावं, तेव्हा एकाचं दुखणं ३० टक्क्यांनी उतरतं. गुंगी आणि चक्कर मात्र दर पाचांत एकाला. झोप येत नाही, मन अस्वस्थ आहे, एवढ्यावर मी सही करत नाही ती म्हणून. यात मला अजूनही काही चुकीचं वाटत नाही.

पण माझ्या एका पेशंटचं, काकांचं, सांगायला हवं.

२०१९ सालची गोष्ट. वय अठ्ठ्याहत्तर, हृदयात धातूची झडप, त्यासाठी रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन कायमचं चालू. उजव्या बरगडीवर नागीण झाली होती. फोड सुकले, आग गेली नाही. शर्ट लागला तरी कळ यायची, म्हणून काकूंच्या जुन्या सुती साडीचा तुकडा आत गुंडाळून यायचे. नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या एकेक करून झाल्या: गॅबापेंटिन झालं, प्रेगाबालिन झालं, नॉरट्रिप्टिलिनने तोंडाला कोरड पडून लघवी अडली. एक दिवस खाली बघत म्हणाले, "डॉक्टर, ते तेल मिळतं म्हणतात, ते द्याल का?"

मी म्हणालो, "काका, तुम्ही पण?"

या शब्दांचा मला आजही त्रास होतो. काही न बोलता त्यांनी बटणं लावली. साडीचा तुकडा नीट बसेना, तर तो खिशात कोंबून गेले.

सहा आठवड्यांनी मुलगा त्यांना घेऊन आला. नाकातून रक्त थांबत नव्हतं, दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग. बोट टोचून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, पाहिला. तो तीनच्या आसपास हवा होता, निघाला ७.१. मुलाने दुकानातून रीतसर सीबीडी तेल (सीबीडी म्हणजे गांजातलाच, पण गुंगी न आणणारा घटक) मागवलं होतं. ते वॉर्फरिनचा शरीरातून होणारा निचरा मंद करतं आणि रक्त हवं त्याहून पातळ होत जातं. काकांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. "मला सांगितलं का नाहीत?" विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात ना. मग परत कसं विचारणार?"

बरीच वर्षं मी स्वतःला बजावत आलो की झडप होती, वॉर्फरिन होतं, म्हणून नाही म्हणालो. हे खरं नाही. त्या क्षणी वॉर्फरिन माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. डोक्यात होती आमच्या गावच्या देवळामागे चिलीम ओढत बसणारी माणसं आणि "तिकडे फिरकायचं नाही" म्हणणारी आई. आणि सगळे उपाय थकल्यावरचं नसांचं दुखणं हे तर त्याच सूचनांमध्ये विचार करण्याजोगं म्हणून दिलेलं होतं. सूचना मी वाचल्या होत्या.

मग सही करायला हवी होती का? तेही छातीठोकपणे सांगता येत नाही. सही करूनही आयएनआर चढलाच असता. फक्त मी दर आठवड्याला तपासला असता.

पुढे तेच केलं. तेल अगदी थोडं, वॉर्फरिनचा डोस कमी, दर सोमवारी बोटाची टोचणी. चार महिन्यांनी काका आले ते नुसता शर्ट घालून. तेलाने फरक पडला, की नागिणीचं दुखणं पुष्कळदा आपोआप निवतं तसं निवलं, मला सांगता येणार नाही. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "झोप लागते आता."