कार्ड चालत नाहीये

"मॅडम, कार्ड चालत नाहीये. दुसरं आहे का?" काउंटरवरचा मुलगा जरा मोठ्यानेच म्हणाला, आणि बोलता बोलता बांगड्यांची डबी त्याने स्वतःकडे ओढून घेतली.

लक्ष्मी रोड, शनिवारची गर्दी, बहिणीच्या लग्नाची खरेदी. मागच्या बायकांच्या नजरा पाठीला जाणवत होत्या. पण खरं टोचलं ते आईकडे बघून. ती काहीच बोलली नाही. पर्स उघडून गुपचूप नोटा मोजायला लागली. तेवढ्या पैशांत घडणावळही निघाली नसती.

थोड्या वेळाने बँकेचा मेसेज आला: हा व्यवहार तुम्हीच करताय ना? 'हो' कळवलं, पुन्हा पिन टाकला, पैसे गेले. रक्कम मोठी, दुकान नवीन, म्हणून बँकेनेच थांबवलं होतं. ती काळजी मला मान्य आहे. फसवणुकीत पैसे गेलेली माणसं मी जवळून पाहिलीत.

पण नकार देताना बँक मशीनकडे दोन आकडी कोड पाठवते. पुरेसे पैसे नसतील तर 51, ठरलेली मर्यादा ओलांडली तर 61, नुसतंच 'मंजूर नाही' असेल तर 05. कारणं इतकी वेगवेगळी. काउंटरवर मात्र अर्थ एकच लावतात: यांच्याकडे पैसे नाहीत.

रिक्षात आई म्हणाली, "पुढच्या वेळी रोखच आणू गं." जन्मभर कुणाची उधारी न ठेवलेल्या बाईला असं वाटावं, याचा मला अजून राग येतोय.

दुकान चालवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, अशा वेळी गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हे तुमच्याकडच्या नव्या मुलांना कुणी शिकवतं का?