नेवऱ्या विकायच्या होत्या, अडलं घरपट्टीच्या पावतीवर

पंचायतीचं नाव घेत नाही, गावात राहायचंय अजून. पण गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या त्या एका खिडकीची आठवण आली की आजही डोकं सणकतं.

मी घरून चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, सामान विकायचं ठरवलं होतं. नेवऱ्या (म्हणजे करंज्या), बेसनाचे लाडू, चकल्या. ठरवलं होतं म्हणजे कित्येक चवथी नुसतं ठरवतच होते. दर चवथीला शेजारीपाजारी ताटं जातातच, "वहिनी, नेवऱ्या खाव्यात त्या तुमच्याच" हे ऐकायची सवय झालेली, आणि आता त्याच लोकांना डझनाचा दर सांगायचा म्हटलं की पोटात गोळा यायचा. नेवरी तेलात फुटेल ही भीती नव्हती, त्या मला जमतात. भीती होती ती "काय गो, घरात कमी पडायला लागलं काय?" ह्या एका प्रश्नाची.

मग काय, तयारी सुरू. यूट्यूबवर पॅकिंगचे व्हिडिओ, लोगोचे रंग, वहीत पानभर ब्रँडची नावं (त्यातलं एकही शेवटी ठेवलं नाही). भाऊ म्हणाला पीएमएफएमई ह्या केंद्राच्या छोट्या खाद्यउद्योगांसाठीच्या योजनेत 35 टक्के सबसिडी मिळते, जास्तीत जास्त 10 लाख, फक्त बँकेचं कर्ज घ्यावं लागतं, तर मग त्याचा अभ्यास. मला हवी होती एक मोठी कढई आणि पिशव्या सील करायचं मशीन, आणि मी बसले होते प्रोजेक्ट रिपोर्ट कसा लिहायचा ते वाचत.

एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं, रजिस्ट्रेशन ऑनलाइन झालं, वर्षाला 100 रुपये फी होती, त्यात सांगण्यासारखं काही नाही. उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग म्हणून नाव नोंदवायचं, तर फुकटच असतं, पैसे मागणाऱ्या तशाच दिसणाऱ्या साइट्स आहेत त्यांच्यापासून सांभाळा, पत्त्यात gov.in ऐवजी दुसरं काही दिसलं की बंद करायचं.

अडलं ते पंचायतीच्या ट्रेड लायसन्सला. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, घरपट्टी कोणाच्या नावावर? सासऱ्यांच्या आजोबांच्या. आता गोव्यात हे काय नवीन आहे का, वाटणी झालेली नाही, कागदावर डझनभर नावं, त्यातले अर्धे वारलेले, काही मुंबई-ठाण्याला, एकजण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. तर म्हणे सगळ्यांची ना हरकत आणा. सगळ्यांची म्हणजे वारलेल्यांची पण का, असं तोंडावर आलं होतं, गिळलं. पुढच्या वेळी गेले तर खिडकीवर दुसराच माणूस, तो म्हणाला एका वारसाची चालेल पण ॲफिडेव्हिटवर पाहिजे. बरं, मग अर्ज मीटिंगला ठेवतो म्हणाले, मीटिंगला कोरम झाला नाही. मग सेक्रेटरी नाहीत, त्यांच्याकडे दुसऱ्या पंचायतीचा पण चार्ज आहे. मग अर्जच सापडेना, तुम्ही दिला होता का नक्की, असं मलाच विचारतात!

(म्हणून सांगते, कुठलाही कागद देताना आपल्या झेरॉक्सवर इनवर्डचा शिक्का आणि नंबर मारून घ्या. माझ्याकडे होता म्हणून तो अर्ज "सापडला".)

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. "पुढच्या आठवड्यात या" म्हटलं की मला राग यायचा आणि त्याच वेळी हायसंही वाटायचं. कोणी विचारलं, कधी सुरू करतेयस, तर उत्तर तयार, पंचायतीत अडलंय. सगळे मान डोलवायचे, पंचायत म्हटल्यावर कोण शंका घेणार. ती ना हरकत पण मी मागितली नव्हती, कारण ठाण्याच्या चुलतसासऱ्यांना फोन करायचा म्हणजे सगळ्या खानदानाला कळणार की ही नेवऱ्या विकतेय. ज्या प्रश्नाला मी घाबरत होते तो प्रश्न त्या फॉर्मच्या पलीकडेच उभा होता.

शेवटी सासूबाईंनीच फोन लावला, स्पीकरवर. "भावजी, सून नेवऱ्या विकणार आहे, तुमची सही पाहिजे." पलीकडून एवढंच, सही देतो, चवथीला येऊ तेव्हा आमचे दोन डबे वेगळे ठेवायला सांग, पैसे देऊनच घेणार. मी तिथेच उभी, तोंडात शब्द नाही.

ॲफिडेव्हिट दिलं तरी अर्ज हलेना, मग माहिती अधिकाराचा अर्ज हातात धरून गेले. भरलेला नव्हता, फक्त वरचं शीर्षक दिसेल असा धरला. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत असणार. लायसन्स मिळालं.

पण भीती त्याने गेली नाही हं. गेली ॲडव्हान्सने. वाड्यावरच्या चार घरांकडून निम्मे पैसे आधीच गुगल पेवर घेतले. एकदा पैसे आले की चवथ काही आपल्यासाठी पुढे सरकत नाही. ज्यांना सुरू करायचंय पण होत नाही, त्यांनी असा न हलणारा सण पकडावा आणि थोडे तरी पैसे आधी घ्यावेत, बाकी लोगो वगैरे नंतर. आणि हो, लेबलं आधी छापू नका, 14 आकडी एफएसएसएआय नंबर हातात आल्यावरच, सोबत हिरवी खूण, वजन, तारीख, एमआरपी.

तो प्रश्न आलाच शेवटी, समोरच्या घरातून, अगदी त्याच शब्दांत. मी म्हटलं, "हो, कमी पडतंय, किती डझन घालू?" तिने दोन सांगितल्या.

जीएसटीची भीती घालणारे पण भेटतील. मालाची उलाढाल 40 लाखांच्या आत असली तर गोव्यातल्या गोव्यात विकायला रजिस्ट्रेशन लागत नाही, पण दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा तर एक रुपयापासून रजिस्ट्रेशन लागतं, म्हणून मी अजून बाहेर कुरियर करत नाही. पुण्याहून दोघीतिघी मागे लागल्यात. सीएला फोन उद्या सकाळीच करणार, दुपारवर टाकला की तो राहतो.