फळ्या पाडताना चेनसॉच्या इंजिनात भुसा जाऊ नये म्हणून

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या दीड-दोन महिन्यांत खानदेशात लाकडाची कामे निघतात. गहू-हरभरा घरात आलेला असतो, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात आणि बांधावर वादळाने आडवे केलेले कडुनिंबाचे किंवा बाभळीचे खोड पाहून दाराच्या चौकटीचा, खाटेच्या गात्यांचा, गोठ्याच्या खांबांचा विचार सुरू होतो. पूर्वी असे खोड आरागिरणीत नेत असत. आता ते उचलायला माणसे मिळत नाहीत आणि वाहतूक परवडत नाही, म्हणून चेनसॉच्या, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीच्या, पट्टीला चिरकामाची (खोड उभे चिरून फळ्या पाडण्याची) लोखंडी चौकट बसवून जागेवरच फळ्या पाडणारे आमच्या चोपडा-यावल पट्ट्यात वाढले आहेत. (सागासारखे झाड असेल तर महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ नुसार परवानगी घेऊनच ते तोडावे लागते, हे ओघाने सांगून ठेवतो.) या कामात इंजिने वेळेआधी निकामी होताना मी पाहतो आणि त्यामागे बहुतेक वेळा भुसा असतो. एअर फिल्टर आहे म्हणजे इंजिन सुरक्षित आहे, हा समज त्याच्या मुळाशी आहे. माझ्या मते फिल्टर हा शेवटचा पहारेकरी आहे. भुसा त्याच्यापर्यंत कमीत कमी पोहोचावा यासाठीची खरी मेहनत त्याच्या आधी करायची असते.

झाड आडवे कापताना मशीन काही सेकंद जोर लावते आणि थांबते. फळी पाडताना तीच मशीन आडवी निजवलेल्या अवस्थेत, पूर्ण ॲक्सिलरेटरवर, सलग कित्येक मिनिटे चालते. शिवाय दाते लाकडाच्या तंतूंची टोके खरवडत पुढे सरकतात, त्यामुळे ढलप्यांऐवजी पिठासारखा बारीक भुसा निघतो. वाळलेली बाभूळ किंवा चिंच असेल तर तो इतका बारीक असतो की चिमटीत धरल्यावर कण जाणवत नाहीत, फक्त बोटे लालसर होतात. हा भुसा जमिनीवर लगेच बसत नाही; मशीनभोवती तरंगत राहतो आणि इंजिन नेमकी तीच हवा ओढत असते. म्हणून जिथे निवड करता येते तिथे लाकूड थोडे ओले असतानाच चिरावे. ओल्या लाकडाचा भुसा जड असतो आणि खाली पडतो. फळ्या नंतर सावलीत, मध्ये पट्ट्या घालून वाळवता येतात.

चेनची धार हा भुसा कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. नेहमीच्या चेनच्या दात्यांचा वरचा कोन साधारण ३० अंशांचा असतो, तर चिरकामाच्या चेनचा १० अंशांच्या आसपास ठेवतात. त्यामुळे फळीचा पृष्ठभाग गुळगुळीत येतो, पण दात्याचे टोक बोथट झाले की ते लाकूड कापण्याऐवजी घासू लागते आणि आधीच बारीक असलेला भुसा आणखी बारीक होतो. दात्यापुढच्या खोली ठरवणाऱ्या उंचवट्याचेही तसेच आहे. तीन अष्टमांश इंची चेनमध्ये तो दात्याच्या धारेपेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असावा लागतो. कानस फक्त दात्यावर चालवत राहिले तर हे अंतर घटते आणि चेन लाकडात शिरतच नाही. भुसा मैद्यासारखा येऊ लागला की मशीनवर जोर देण्याऐवजी कानस काढावी. पेट्रोलच्या दर टाकीला दोन-दोन घाव कानस मारणारा माणूस इंजिनाचे आयुष्यही वाढवत असतो.

त्यानंतर वारा. चैत्र-वैशाखात आपल्याकडे दुपारी जो कोरडा, गरम वारा सुटतो, त्याचा कामाच्या जागेशी विचार करूनच खोडाची दिशा ठरवावी. भुसा बाहेर पडण्याचे तोंड आणि हवा आत घेण्याची जागा यांच्यामधून वारा आडवा जाऊन भुसा मशीनपासून दूर नेईल, अशी मांडणी उत्तम. खोड जड असते हे खरे, पण पहिली फळी पाडण्यापूर्वी पहारीने ते थोडे फिरवता येते. वारा पडलेला असेल तर मधूनमधून थांबून भुशाचा ढग विरू द्यावा. याला जोड म्हणून जुन्या टायरच्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा चौकटीला बोल्टने असा लावावा की भुशाचा झोत इंजिनाकडे न वळता खाली जाईल. तो चेनला, तापलेल्या सायलेन्सरला किंवा स्टार्टरच्या झाकणावरील हवेच्या फटींना लागता कामा नये. काही जण यासाठी मशीनभोवती ओला रुमाल गुंडाळतात. त्याने भुसा अडतो, पण इंजिन थंड करणारी हवाही अडते, म्हणून तो उपाय मी कोणालाही सुचवणार नाही.

आता फिल्टर. चोंदलेला फिल्टर स्वतःहून तक्रार करतो: मशीन जोर धरत नाही, धूर वाढतो, प्लग काळा पडतो. कडेने गळणारा फिल्टर मात्र काहीच बोलत नाही. मशीन उत्तम चालते आणि प्रत्येक मिनिटाला थोडा भुसा आत जात राहतो. टू-स्ट्रोक इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण सिलिंडरमध्ये जाण्यापूर्वी क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाचा दांडा फिरतो त्या खालच्या कप्प्यातून, जाते, म्हणजे तो भुसा आणि त्याच्यासोबतची शेतातली माती आधी बेअरिंगला आणि मग पिस्टन-रिंगला घासते. म्हणून फिल्टरच्या जाळीपेक्षा त्याच्या कडेकडे अधिक लक्ष द्यावे. फिल्टर जिथे बसतो त्या रबरी किंवा प्लास्टिकच्या कडेला ग्रीसचा अगदी पातळ थर बोटाने फिरवावा. काम झाल्यावर चोक (कार्बोरेटरच्या तोंडावरची हवेची झडप) बंद करून, झाकणावरचा व आजूबाजूचा भुसा ब्रशने झाडून, मगच झाकण उघडावे आणि फिल्टर हलकेच उचलून त्या ग्रीसकडे उजेडात पाहावे. भुशाची रेघ बाहेरच्या बाजूलाच थांबलेली असेल तर फिल्टर नीट बसला आहे. रेघ कुठे ग्रीस ओलांडून आतल्या बाजूला आलेली दिसली, तर त्या ठिकाणी कड वाकडी आहे, रबर कडक झाले आहे किंवा झाकणाचा स्क्रू पुरता आवळलेला नाही. मग पांढऱ्या फडक्याचे टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आतून फिरवावे. फडके मळले तर तो फिल्टर त्याच दिवशी बदलावा.

फिल्टरवर चढवायचे बारीक विणीचे मोजे मिळतात, ते चिरकामात उपयोगी पडतात, मात्र झाकण सहज बंद होत असेल आणि फिल्टरची बैठक हलत नसेल तरच. नायलॉनच्या जाळीचा फिल्टर कोमट साबणपाण्यात धुता येतो. फेल्टचा किंवा कागदी असेल तर मशीनच्या पुस्तिकेत सांगितले असेल तसेच करावे. हवा मारायची ती आतून बाहेर आणि लांबून. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी जाळीला टेकवून मारली तर जाळी फाटते किंवा तिच्या जोडाचा गोंद सुटतो. पेट्रोलमध्ये फिल्टर बुडवण्याची सवय आगीच्या दृष्टीने वाईट आहेच. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये, म्हणून खिशात दुसरा कोरडा फिल्टर असावा आणि दर टाकीला अदलाबदल करावी.

साध्या, म्हणजे स्क्रूने पेट्रोल कमी-जास्त करायच्या, कार्बोरेटरच्या मशीनबाबत एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण तिच्यामुळे चांगली मशीन जाते. फिल्टर चोंदला की हवा कमी पडून मिश्रण घट्ट होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होते, आणि मशीन मंदावते. त्या वेळी फिल्टर न पाहता स्क्रू फिरवून पेट्रोल कमी केले की ती पुन्हा पळू लागते. संध्याकाळी कोणीतरी फिल्टर धुतो. दुसऱ्या दिवशी हवा भरपूर आणि पेट्रोल कमी अशी स्थिती होते, तेलही पेट्रोलमधूनच येत असल्याने वंगण घटते आणि सलग चिरकामात पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. त्यामुळे स्क्रूला हात लावायचा तो स्वच्छ फिल्टर बसवल्यानंतरच. ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, हे कंपनीचे प्रमाण असेल तर तेही मापाने घालावे, अंदाजाने नव्हे.

इंजिनाच्या आत न जाताही भुसा त्याला मारू शकतो. फ्लायव्हीलचे पंखे स्टार्टरच्या फटींतून हवा ओढून सिलिंडरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पत्र्यांवरून सोडतात. चेनचे तेल आणि भुसा मिळून त्या पत्र्यांमध्ये लिंपल्यासारखा थर बसतो आणि जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना इंजिनाला श्वास घ्यायला वाव उरत नाही. दिवसाअखेरीस मशीन पुरती निवल्यावर वरचे झाकण काढून लाकडी काडीने आणि ब्रशने पत्रे मोकळे करावेत. प्रत्येक फळी संपल्यावर मशीन एकदम बंद न करता थोडा वेळ मंद गतीवर चालू ठेवावी, म्हणजे पंख्याची हवा साठलेली उष्णता बाहेर नेते.

आमच्याकडच्या एका जुन्या मेकॅनिकला मशीनची दोरी एकदाच ओढून पुरते. दोरी फार सहज आली की ते म्हणतात, "भाऊ, हाई मशीन भुसा खाई राहिनी." म्हणजे रिंगा झिजून दाब गेला आहे. मग ते सिलिंडर उघडून पिस्टन दाखवतात. हवा आत येते त्या कार्बोरेटरच्या बाजूला पिस्टनची चकाकी जाऊन राखाडी, खरखरीत पट्टा दिसला तर धूळ आत गेली आहे. सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर उष्णता किंवा वंगणाची कमतरता कारण असण्याची शक्यता जास्त. दोन्हीकडे खुणा असतील तर फक्त पिस्टन बदलून उपयोग नाही. बेअरिंगही तपासून घ्यावे लागते.

पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी त्याच्या खोबणीतला भुसा फडक्याने पुसावा. तिथून पडलेला भुसा टाकीतल्या फिल्टरवर जमतो आणि इंजिनाला पेट्रोल कमी पडू लागते, आणि त्याचा परिणाम पुन्हा पिस्टनवरच होतो. आणि हे सगळे करणाऱ्या माणसाने स्वतःच्या नाकातोंडावर चांगला मास्क लावावा. लाकडाच्या धुळीमुळे माणसाला कर्करोग होऊ शकतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवले आहे. भुशाच्या त्या ढगात नुसता रुमाल बांधणे पुरेसे नाही. कडेने हवा येणार नाही असा, नाकावर घट्ट बसणारा मास्क हवा.